फौज हवी, पण मूठभर

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला 'वॉरहॅमर ४०,०००' हा सैनिकांच्या छोट्या पुतळ्यांचा टेबलावरचा खेळ खेळायचाय. शेकडो महागडे सैनिक विकत घेऊन, रंगवल्याशिवाय खेळताच येत नाही म्हणे. हा छंद झेपेल का?
– एक पालक, पुणे

उत्तर : मोठ्या लढायांना फौजफाटा लागतो, हे खरं; सुरुवातीला मात्र नाही. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८७मध्ये आणलेल्या याच विश्वात 'किल टीम' हा छोटा खेळ आहे. त्यात मूठभर सैनिक पुरतात. जादूची आवड असेल, तर 'फ्रॉस्टग्रेव्ह' हा वेगळा खेळ अधिक स्वस्त : जादूगार, शिष्य आणि भाडोत्री शिपाई मिळून फार तर दहाजण, तेही कुठल्याही कंपनीचे.

घरी न रंगवलेले सैनिकही चालतात. पण रंगकाम हा या छंदाचा अर्धा आनंद! प्रायमरवर पाण्याने पातळ केलेल्या ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्यावेत. खाचांत गडद, पातळ रंग सोडला की चिलखताचा प्रत्येक खिळा उठून दिसतो.

स्प्रे प्रायमर आणि प्लास्टिकचा गोंद हवेशीर जागीच वापरावा. जुन्या धातूच्या सैनिकांत शिसं असू शकतं. ते घासू नयेत, हाताळल्यावर हात धुवावेत. पात्याने सुटे भाग कापताना तुम्ही शेजारी बसा.

आधी एकच छोटा संच घ्या आणि दुसऱ्या बाजूने तुम्हीच खेळा.