लेखनयोग्य डीव्हीडी तबकड्या : ओळख, लेखन व साठवण

आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही गावी जाऊन जुनी ट्रंक उघडली, तर खातेपुस्तिका, खतांच्या पावत्या व लग्नपत्रिका यांच्या तळाशी दोनचार चकचकीत तबकड्या सापडतातच. सन २००५ ते २०१५ ह्या सुमारास लग्नाचे चित्रण, हरिनाम सप्ताहातील कीर्तन, बंधाऱ्याच्या कामाची छायाचित्रे, शेतीविषयक चित्रपट असे सर्व काही डीव्हीडीवर उतरवून घेण्याची रीत होती. आता बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नव्या लॅपटॉपांत तबकडी घालावयाची सोयच नसते. त्यामुळे घरात ठेवा आहे, परंतु तो पाहता येत नाही, अशी पुष्कळ कुटुंबांची व कांही ग्रामपंचायतींचीही स्थिती झाली आहे. ह्या तबकड्या कशा बनतात, त्यांवर लेखन कसे करावे व त्या कशा जपाव्यात, ह्याची माहिती ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस असणे म्हणूनच आवश्यक झाले आहे.

प्रस्तुत लेखकाकडे गेल्या वर्षी कळंब तालुक्यातील एक शेतकरी पाच तबकड्या घेऊन आले. ज्वारी हुरड्यावर आली असता पाखरे उडविण्यासाठी त्यांच्या मुलाने त्या दोऱ्याने बांधून शेतात टांगल्या होत्या. तबकडी वाऱ्याने फिरते, उन्हात चमकते व पाखरे बुजतात; हा उपाय आपल्याकडे सर्रास केला जातो. परंतु त्या पाचांपैकी दोन तबकड्यांवर त्यांच्या दिवंगत वडिलांचे कीर्तन होते, हे घरात कोणाच्याच ध्यानात राहिले नव्हते. सुमारे दोन महिने त्या उन्हात होत्या. तपासणी केली असता असे दिसून आले की, दुकानातून विकत आणलेल्या चित्रपटांच्या तीनही तबकड्या ओरखडे पडूनसुद्धा व्यवस्थित चालत होत्या. कीर्तनाची एक तबकडी मात्र संगणकाने कोरी म्हणून दाखविली व दुसरीतून केवळ आरंभीचा वीसबावीस मिनिटांचा भाग निघाला. एकाच दोरीवर, एकाच उन्हात टांगलेल्या तबकड्यांत हा भेद का पडावा?

कारण असे की, दिसावयास सारख्या असल्या तरी ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. चित्रपटाची तबकडी कारखान्यात साच्याने दाबून तयार करतात. तिच्या प्लॅस्टिकमध्येच सूक्ष्म खाचा उमटलेल्या असतात व त्यांवर धातूचा चकचकीत मुलामा असतो. घरी किंवा दुकानात लेखन करावयाच्या तबकडीत मात्र एका विशेष रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेखन करताना लेझर नावाचा तीव्र प्रकाशझोत त्या थरावरील बिंदू तापवितो व तेवढ्या जागेचा गुण बदलतो. पहिला प्रकार जनावराच्या अंगावर दिलेल्या डागासारखा, तर दुसरा पोळ्याला शिंगांना लावलेल्या रंगासारखा आहे. डाग राहतो; रंग ऊन-पावसाने विटतो. इंग्रजीवरून आपण ‘डीव्हीडी बर्न करणे’ म्हणतो व दुकानदार ‘डीव्हीडी मारून देतो’ असे म्हणतात. वस्तुत: तेथे काही पेटत नाही, की मारलेही जात नाही. म्हणून ह्या लेखात ‘लेखन’ हाच शब्द वापरला आहे.

डीव्हीडीचा व्यास १२० मिलिमीटर व जाडी १.२ मिलिमीटर असते. प्रत्येकी ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून ती बनवितात आणि मजकुराचा थर त्या दोहोंच्या मध्ये असतो. सीडीमध्ये हाच थर वरच्या, म्हणजे नाव लिहावयाच्या बाजूस, केवळ लाखेसारख्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून सीडीची वरची बाजू खरवडली गेल्यास ती कायमची गेली असे समजावे. डीव्हीडीस ते भय कमी; परंतु ती वाकविली असता दोन चकत्यांमधील जोड सुटू शकतो. पेटीतून काढताना मधली खुंटी दाबून मग तबकडी उचलावी, कडेला धरून ओढू नये, असे सांगतात ते याचसाठी.

मजकूर एका अखंड नागमोडी नव्हे, तर गोगलगाईच्या शंखाप्रमाणे आतून बाहेर फिरत जाणाऱ्या तासावर लिहिला जातो. दोन तासांमधील अंतर ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात साडेतेराशे तास बसतात! हे सर्व तास सरळ केले, तर त्यांची लांबी ११ किलोमीटरांहून अधिक भरेल. लेखनास आरंभ मध्याजवळून होतो व शेवटचा मजकूर कडेजवळ येतो. बोटांचे ठसे, धूळ व ओरखडे कडेलाच अधिक लागत असल्याने तबकडी काठोकाठ भरू नये. उपरोक्त कीर्तनाचा आरंभीचा भाग वाचला, त्याचे एक कारण हेही असावे.

खरेदी करताना ‘आर’ व ‘आरडब्ल्यू’ ह्या अक्षरांकडे लक्ष द्यावे. ‘आर’ तबकडीवर एकदाच लेखन होते. ‘आरडब्ल्यू’वरील मजकूर पुसून पुन्हा लिहिता येतो, तिच्यात रंगद्रव्याऐवजी मिश्रधातूचा थर असतो. जी गोष्ट पुसता येते ती चुकून पुसलीही जाते. तेव्हा कायमच्या नोंदींसाठी ‘आर’ घ्यावी. तिच्यातील उणे व अधिक ह्या दोन प्रकारांविषयी विशेष चिंता करण्याचे कारण नाही. अलीकडची बहुतेक यंत्रे दोन्ही वाचतात. अकार्बनी थर असलेल्या दीर्घायुषी म्हणविल्या जाणाऱ्या तबकड्याही मिळतात, पण त्या महाग असून त्यांना अनुरूप लेखनयंत्र लागते. साध्या तबकडीवर ४.७ गिगाबाइट असे छापलेले असते. हा आकडा ४७० कोटी बाइटांचा असून संगणक वेगळ्या हिशेबाने तो सुमारे ४.३८ दाखवितो. दुकानदाराने फसविले असा समज करून घेऊ नये. ४ गिगाबाइटपर्यंतच भरावी. मोबाइलवरील प्रत्येकी ४ मेगाबाइटची सुमारे एक हजार छायाचित्रे तेवढ्यात मावतात, आणि एका गावच्या पाणलोटाच्या कामास ती पुरेशी आहेत.

लेखनासाठी लॅपटॉपास जोडावयाचे बाहेरचे यंत्र मिळते. लेखनापूर्वी सर्व मजकूर एका ठिकाणी गोळा करून प्रत्येक छायाचित्रास तारीख, गाव, गट क्रमांक व विषय असे नाव द्यावे. ‘नवीन फोल्डर दोन’ अशा नावाने ठेवलेली छायाचित्रे पाच वर्षांनी कोणाच्या विहिरीची आहेत, हे काढणारासही सांगता येत नाही. विंडोज संगणक तबकडी घातल्यावर दोन पर्याय विचारतो, एक पेनड्राइव्हप्रमाणे वापरण्याचा व दुसरा सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. दुसरा निवडावा, म्हणजे ती इतर संगणकांवरही निर्वेध उघडेल. यंत्राच्या कमाल वेगाने लेखन करण्याचा मोह टाळावा. १६ पट वेगाची तबकडी ४ किंवा ८ पट वेगाने लिहावी. चौपट वेगाने संपूर्ण तबकडी लिहावयास पाव तास लागतो. तेवढ्या अवधीत वीज गेली तर ‘आर’ तबकडी सहसा वाया जाते. आपल्याकडील विजेचा भरवसा सर्वांस ठाऊक आहे. म्हणून लॅपटॉप पूर्ण भारित असल्याशिवाय काम आरंभू नये व ते चालू असता टेबल हलवू नये. लेखन संपल्यावर तीच तबकडी दुसऱ्या संगणकात घालून चारदोन फाइली, विशेषत: अखेरच्या, उघडून पाहाव्यात. ही तपासणी होईपर्यंत मोबाइलमधील मूळ छायाचित्रे पुसू नयेत. ह्या एका चुकीमुळे जेवढे नुकसान होते, तेवढे उंदीर-वाळवीमुळेही होत नसेल.

तबकडीवर कागदी चिठ्ठी चिकटवू नये. चिठ्ठीच्या वजनाने व आकुंचनाने तोल बिघडतो. बॉलपेनही वापरू नये. पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनने वरच्या बाजूस, शक्य तो मध्याजवळ, नाव व दिनांक लिहावा.

आता साठवणीचा विचार करू. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सन २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत दीर्घ साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान व २० ते ५० टक्के आर्द्रता सुचविली आहे. धाराशिवच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, हे वाचून हसू येईल. तथापि घरातील सर्वांत थंड, कोरडी व अंधारी जागा शोधणे प्रत्येकास शक्य आहे. जुन्या माळवदाच्या घरात अशी जागा सहज सापडे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगडमातीच्या भिंती व माळवदाची जड छतेच सास्तूरसारख्या गावांत काळ ठरली, हे कोण विसरेल? पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात तबकड्या पोटमाळ्यावर न ठेवता उत्तरेकडील भिंतीच्या खालच्या कप्प्यात, कडक पेटीत, पुस्तकांप्रमाणे उभ्या ठेवाव्यात. मोटारसायकलची डिकी, खिडकी व दूरदर्शन संचाचा माथा ह्या जागा वर्ज्य होत. कीटकनाशके व रंगाचे द्रावण ज्या खोलीत असते तेथेही त्या ठेवू नयेत.

पुराचे पाणी लागल्यास घाबरू नये. सन २०२५ च्या सप्टेंबरात परंडा व भूम तालुक्यांत घरांत पाणी शिरले, तेव्हा कागदांचा लगदा झाला. तबकडी मात्र तेवढ्याने बाद होत नाही. चिखल वाळण्यापूर्वी ती स्वच्छ पाण्याच्या धारेखाली धरावी, हाताने घासू नये; नंतर सावलीत वाळवावी. एरवीही पुसावयाची झाल्यास मऊ सुती कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. दंतमंजन लावून घासण्याची जी युक्ती सांगतात, ती जपणुकीच्या तबकडीवर करून पाहू नये.

जुन्या तबकड्या मात्र आजच बाहेर काढाव्यात. रंगद्रव्य किती टिकेल हे त्याची जात, तबकडीची बनावट व साठवण ह्यांवर अवलंबून असते; वर्षांचा एकच आकडा सांगणे शक्य नाही. एका यंत्रात न उघडणारी तबकडी दुसऱ्यात उघडते, म्हणून एका प्रयत्नाने निराश होऊ नये. अर्धवट उघडली तर प्रथम जे निघेल ते संगणकावर उतरवून घ्यावे आणि मग अडलेल्या भागाकडे वळावे. निघालेल्या मजकुराच्या तीन प्रती कराव्यात: दोन निरनिराळ्या बनावटीच्या तबकड्यांवर व एक हार्डडिस्कवर. त्यांतील एक प्रत दुसऱ्या गावी, नातलगांकडे ठेवावी. कळंबच्या त्या शेतकऱ्यांनी कीर्तनाच्या उरलेल्या भागाची प्रत बार्शीस दिलेल्या बहिणीकडे ठेवली आहे.

दिवाळीची साफसफाई करताना दरवर्षी प्रत्येक तबकडी एकदा उघडून पाहावी व पेटीतील कागदावर तपासणीचा दिनांक लिहावा. उघडण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागत असल्यास त्याच दिवशी तिची नवी प्रत करावी.