बासरीसाठी ट्यूनर कोणता घ्यावा?



यंदा आमच्या चौथीच्या वर्गातली नऊ मुलं बासरी शिकत आहेत. २६ जानेवारीला सगळ्यांनी मिळून वाजवायचं असं बाईंनी ठरवलं आहे. त्यासाठी सगळ्या बासऱ्या एका सुरात पाहिजेत. काही पालकांनी विचारलं, "सूर बघायचं यंत्र घ्यावं लागेल का? किती पैसे पडतील?" बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं आणि आम्ही करून पाहिलं. ते खाली लिहिले आहे.

ट्यूनर म्हणजे काय?

आवाज म्हणजे हवेची कंपने. कंपने जास्त झाली की सूर चढतो, कमी झाली की उतरतो. ट्यूनर एका सेकंदातली कंपने मोजतो आणि सुराचे नाव दाखवतो. पेटीच्या मधल्या पांढरी सहाची कंपने सेकंदाला ४४० धरतात. सन १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत हे माप ठरले. ट्यूनरवर हाच आकडा असावा.

ट्यूनरचा काटा मधोमध असला तर सूर बरोबर. डावीकडे गेला तर सूर उतरलेला, उजवीकडे गेला तर चढलेला. फरक 'सेंट' मध्ये मोजतात. हे पैशाचे सेंट नव्हेत! पेटीच्या पांढरी एक आणि काळी एक यांच्यात १०० सेंट असतात.

ट्यूनर इंग्रजी अक्षरे दाखवतो. ती अशी ओळखावीत :

सी – पांढरी एक
डी – पांढरी दोन
ई – पांढरी तीन
एफ – पांढरी चार
जी – पांढरी पाच
ए – पांढरी सहा
बी – पांढरी सात

काळ्या पट्टीला अक्षराशेजारी 'शार्प' ची खूण येते.

बासरीला खुंटी नसते

ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. तंबोऱ्याची खुंटी पिळली की सूर चढतो. बासरीला पिळायला काहीच नाही. बांबू किती लांब, भोकं कुठे पाडली, यावरच तिचा सूर ठरतो. लांब बासरीचा सूर खालचा, आखूड बासरीचा वरचा. म्हणून ट्यूनर बासरीला सुरात आणत नाही. बासरी विकत घेताना ती सुरात आहे का, एवढं तो सांगतो. नंतर आपली फुंक सुधारायला उपयोगी पडतो. एवढ्या कामासाठी महाग यंत्र कशाला?

कोणता घ्यावा, कोणता नको?

१) चिमट्याचा ट्यूनर : हा वाद्याला चिमट्यासारखा लावतात. तो वाद्याची थरथर मोजतो. गिटारला चांगला. बासरीत बांबू फारसा थरथरत नाही, आतली हवा थरथरते. म्हणून हा आपल्या कामाचा नाही.

२) फक्त गिटारचा ट्यूनर : हा गिटारच्या तारांचेच सूर ओळखतो. बाकीच्या सुरांना अडतो. घेऊ नये.

३) माईकचा ट्यूनर : यात पेटीच्या बाराही पट्ट्यांचे सूर दिसतात. दुकानात 'क्रोमॅटिक' आणि 'माईकवाला' असे दोन्ही शब्द सांगून मागावा. साधा असला तरी चालतो.

४) मोबाईलमधला ट्यूनर : हा फुकट मिळतो. काम तेच करतो. मोठ्या माणसांकडूनच घालून घ्यावा. त्याला फक्त माईक लागतो. फोन नंबर, फोटो मागितले तर तो काढून टाकावा, दुसरा घ्यावा.

५) भजनाची पेटी : पेटी सुरात लावलेली असेल तर तीसुद्धा ट्यूनरच. पट्टी दाबायची आणि बासरी जुळते का ऐकायचं. एक पैसा लागत नाही.

बासरी घेताना अशी तपासा

आमच्या बोटांना पांढरी पाचची बासरी बसते. तिच्यावर हे करून पाहावे :

१) तोंडाकडची तीन भोकं बंद करून हळू फुंका. हा सा. ट्यूनरवर 'जी' यायला पाहिजे.

२) सहाही भोकं बंद करा. हा खालचा प. 'डी' यायला पाहिजे.

३) परत तीन भोकं बंद करून जोरात फुंका. वरचा सा येतो. पुन्हा 'जी' च दिसायला पाहिजे.

काटा दहा सेंटपर्यंत हलला तर चालेल. तीस सेंट हलला तर ती बासरी घेऊ नका, दुसरी मागा. पण आधी फुंक बघा. जोरात फुंकले की सूर चढतो. तोंडाचे भोक ओठाकडे जास्त वळवले की उतरतो. म्हणून ज्याला येते त्याच्याकडूनच बासरी वाजवून घ्यावी.

दोन बासऱ्या जुळतात का, हे यंत्राशिवायही कळते. एकच सूर दोघांनी एकदम वाजवा. आवाज 'वांव वांव' असा हलला तर सूर वेगळे आहेत. एकीची कंपने ४४० आणि दुसरीची ४४४ असतील तर सेकंदाला ४ हेलकावे ऐकू येतात.

थंडीत काय होतं?

गरम हवेत आवाज जोरात पळतो. एक अंश उष्णता वाढली की सेकंदाला सुमारे ०.६ मीटर जास्त. म्हणून सकाळच्या गारठ्यात बासरीचा सूर उतरतो. दहा अंशांनी सुमारे ३० सेंट फरक पडतो. झेंडावंदन सकाळी असते, तेव्हा आधी थोडा वेळ बासरी फुंकून गरम करायची. बासरी खराब झाली म्हणून टाकून द्यायची नाही.

कान मोठा

ट्यूनर पेटीच्या पट्ट्यांप्रमाणे सूर मोजतो. सा आणि प त्याच्यावर बघावेत. पण तंबोऱ्याशी गोड जुळणारा ग ट्यूनरच्या ग पेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. तिथे काटा मधोमध आणायला गेलो तर ग थोडा चढाच लागतो. ग, ध, नि तंबोऱ्याबरोबर कानानेच जुळवायचे असतात.

पालकांना विनंती

प्रत्येक घराने ट्यूनर घेऊ नये. नऊ मुलांना बाईंचा एक फोन पुरतो. नऊपैकी तिघांकडे अजून बासरी नाही. ट्यूनरचे पैसे वाचले तर त्यातून त्यांची बासरी होईल. बासरी मात्र सगळ्यांनी पांढरी पाचचीच घ्यावी आणि तपासूनच घ्यावी. म्हणजे २६ जानेवारीला नऊ जण वाजवतील आणि ऐकणाऱ्याला एकच बासरी वाटेल.

स्वाध्याय

१) बासरी सुरात लावता का येत नाही?
२) चिमट्याचा ट्यूनर बासरीला का चालत नाही?
३) घरच्या फोनवर तुमच्या सायकलच्या घंटीचा सूर बघा आणि वहीत लिहा.

– इयत्ता चौथी, तळेगाव ढमढेरे