ज्ञान दारापर्यंत

प्रास्ताविक
संशोधन पूर्ण झाले म्हणजे कार्य संपले, असे आपण मानतो. परंतु ज्याच्यासाठी ते झाले, त्याच्या दारापर्यंत ते आपोआप जात नाही. प्रस्तुत पाठात अपंगत्वाशी संबंधित अशाच एका संशोधनाचा प्रवास सांगितला आहे.

मूळ पाठ
काही बालकांची पावले जन्मतःच आत वळलेली असतात. या व्यंगाला 'क्लबफूट' म्हणतात. साधारणपणे हजार बालकांमागे एकात ते आढळते. उपचार न झाल्यास मूल पावलाच्या कडेवर भार देऊन चालते आणि जन्मभर अधू राहते.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची पावले तपासली. ती ताठर व दुखरी झाली होती. तान्ह्या बाळाचे अस्थिबंध लवचीक असतात, हे जाणून त्यांनी निराळी पद्धत विकसित केली. पाऊल हळुवारपणे थोडे वळवायचे, प्लास्टर घालायचे आणि दर आठवड्याला ते बदलायचे. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल बहुधा वळणावर येते. पुष्कळदा टाचेमागची कंडरा लहानशा छेदाने सैल करावी लागते. त्यानंतर पट्टीने जोडलेले बूट सुमारे तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात.

या पद्धतीवरील त्यांचा लेख १९६३ साली प्रसिद्ध झाला. तरीही पुढची तीन दशके बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियाच होत राहिल्या. १९९६ साली त्यांचा ग्रंथ आला. त्याच सुमारास ज्यांची मुले बरी झाली होती, ते आईबाप इंटरनेटद्वारे इतरांना आपला अनुभव सांगू लागले. पालक डॉक्टरांना प्रश्न विचारू लागले आणि पद्धत जगभर पसरली. विद्वानांच्या नियतकालिकात अडकलेले ज्ञान पालकांच्या बोलण्याने मोकळे झाले.

आपल्या देशात २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाच्या तपासणीचा समावेश आहे. मात्र ग्रहणात आईने काही चिरले म्हणून पाऊल वाकडे झाले, असा समज अजूनही ऐकू येतो. तो निराधार आहे. त्यामुळे दोष आईच्या माथी येतो आणि उपचाराचे मोलाचे दिवस वाया जातात. कधी पाऊल सरळ दिसताच बूट सोडले जातात व ते पुन्हा वळते. म्हणून बूट का घालायचे, हे आईला तिच्या भाषेत, तिच्या शंका ऐकून सांगितले पाहिजे. तिला ते उमगले, तरच संशोधन सार्थकी लागले.

शब्दार्थ
व्यंग – शरीरातील दोष
अस्थिबंध – हाडांना हाडे जोडणारे पट्टे
कंडरा – स्नायू हाडाला जोडणारा चिवट दोर

पाठगत प्रश्न
१. लेख प्रसिद्ध होऊनही पद्धत रुळण्यास विलंब झाला. ती पुढे कशी पसरली?
२. पाऊल सरळ दिसल्यावरही बूट का घालावेत?
३. तुमच्या शेजारी असे बाळ जन्मले, तर त्याच्या आईला काय सांगाल? पाच-सहा वाक्यांत लिहा.