दुपारचे फ्लेमिंगो: वेळ कोणती, खर्च किती

पक्षी बघायचे तर पहाटे उठायलाच हवं, या समजुतीपायी नवी मुंबईतली कितीतरी माणसं घराजवळचे फ्लेमिंगो न बघताच मार्च-एप्रिल घालवतात. रात्रपाळी करणारे, शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असणारे, सकाळभर मुलांच्या क्लासच्या फेऱ्या मारणारे, अशांनी पहाटेचा नाद खुशाल सोडावा. फ्लेमिंगो आपलं घड्याळ पाळत नाहीत, भरती-ओहोटी पाळतात. दुपारची भरती महिन्यातून दोनदा ठरल्या तिथींना येते. त्या तिथी गाठल्या तर सीवूड्सची एक दुपार दोघांना दीडशे रुपयांत पडते. खर्च फुगतो तो बोट, दुर्बीण आणि कॅमेरा या तिन्हींमुळे. त्यातल्या दुर्बिणीवरच पैसे टाकावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी वेळेचं बघू, कारण वेळ चुकली तर बाकीचा खर्च वाया जातो. ओहोटीला ठाण्याच्या खाडीतला चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो तिथे चरतात. भरती चढून चिखल बुडाला की त्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. मग थवे उठतात आणि काठालगतच्या उथळ पाणथळींवर येतात: टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची, एनआरआय संकुलालगतची आणि सीवूड्सचा डीपीएस तलाव. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब फार सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं. द्वितीयेला दीड वाजता, तृतीयेला सव्वादोनला, चतुर्थीला तीनला पूर्ण भरती. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीच्या आत ऐरोलीकडे पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो. घरात कालनिर्णय टांगलेलं असेल तर ॲपची गरज नाही.

आता यातली मेख. अष्टमीला पूर्ण भरती सहाच्या सुमाराला येते, म्हणजे संध्याकाळी फिरायला निघणाऱ्याला ती सोयीची वाटते. पण अष्टमी म्हणजे भांग. पाणी फारसं चढत नाही, चिखल पुरता बुडत नाही, आणि सगळ्या थव्यांना खाडी सोडायची गरजही पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे तीन-चार दिवस उधाणाचे असतात. म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे दिवस धरा. दोन-अडीचला पाणथळीवर पोचा. त्या वेळी पक्षी दाटीने उभे असतात, बरेचसे एका पायावर, मान पाठीवर टाकून. पाणी उतरू लागलं की थव्यात चुळबुळ सुरू होते, कडेचे पक्षी चालू लागतात, मग एकेक तुकडी उठते आणि खाडीकडे जाते. डोक्यावरून जाणाऱ्या थव्याच्या पंखांची आतली बाजू लाल आणि कडा काळी दिसते. हे बघायला एक पैसाही लागत नाही.

जाण्यायेण्याचा खर्च: नवी मुंबईतून किंवा ठाण्याहून सीवूड्सपर्यंत लोकलचं सेकंड क्लासचं जाऊन-येऊन तिकीट माणशी तीस रुपयांच्या आतच राहतं, जवळच्या स्टेशनवरून तर दहा रुपयांत होतं. पुढे रिक्षा. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहेत, पुढचं मीटरप्रमाणे. स्वतःची गाडी आणणाऱ्यांनी ती पाम बीच रोडच्या कडेला थांबवू नये. तिथे गाड्या भरधाव असतात आणि फ्लेमिंगो दिसले म्हणून अचानक ब्रेक मारणं जिवावर बेतू शकतं. आतल्या रस्त्याला गाडी लावून चालत जा. टोपी, पाण्याची बाटली आणि सूर्य कलल्यावर खारफुटीतून येणाऱ्या डासांसाठी मलम, एवढं जवळ असलं की झालं. निघण्यापूर्वी तलावात पाणी आहे का, याची चौकशी मात्र करा. २०२४ साली डीपीएस तलावात खाडीचं पाणी यायचे मार्ग बंद झाले, तलाव कोरडा पडत गेला आणि त्या उन्हाळ्यात तिथल्या फ्लेमिंगोंच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. पाणी नसेल तर तिथी बरोबर असूनही काही दिसणार नाही.

दुपारनंतर उजेडाची दिशा बदलते. खाडी नवी मुंबईच्या पश्चिमेला आहे. त्यामुळे चारनंतर आपल्या काठावरून बघताना ऊन समोरून येतं आणि गुलाबी पक्षी काळे दिसू लागतात. पाणथळीच्या कडेने चालत सूर्य पाठीशी किंवा निदान बाजूला येईल अशी जागा शोधा. भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूने पूर्वेकडे तोंड करून बघणाऱ्याला हीच दुपार अनुकूल असते. मुलुंड-भांडुपच्या वाचकांनी ऐरोलीला यायची घाई करू नये.

बोटीची खरी सोय ऐरोलीला आहे. वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र तिथे आहे आणि तिथूनच ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात फेऱ्या सुटतात. हे अभयारण्य ६ ऑगस्ट २०१५ ला जाहीर झालं. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जाही मिळाला. फेरीचं तिकीट माणशी काही शे रुपये असतं, शनिवार-रविवारी जास्त, आणि केंद्राचं प्रवेशशुल्क वेगळं. चौघांच्या कुटुंबाने दोन हजारांची तयारी ठेवली की रिक्षा आणि चहा-वडापावसकट भागतं. फेऱ्यांच्या वेळा रोज बदलतात, त्यामागचं कारण पुन्हा पाणीच. पूर्ण ओहोटीला बोट गाळात रुतते, पूर्ण भरतीला पक्षी उठून गेलेले असतात. पाणी अर्धवट असतानाचे दोन-तीन तास तेवढे उपयोगाचे. दुपारची फेरी हवी असेल तर अष्टमीच्या मागच्यापुढच्या दिवसांत बघा. तीन-चारला पाणी हळूहळू चढत असतं आणि उरलेल्या चिखलावर पक्षी दाटतात. बुकिंग आधी करा, सुट्टीच्या दिवशी जागा लवकर भरतात.

बोटीतून जवळून दिसतं ते चरणं. फ्लेमिंगो मान खाली सोडून चोच उलटी पाण्यात धरतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या झालरीतून बाहेर फेकतो. लहान जातीचा फ्लेमिंगो सूक्ष्म शेवाळ गाळून घेतो, मोठ्या जातीचा किडे-कोळंबीही खातो. चरताना ते पायाने चिखल ढवळत एका जागी गोल फिरतात. पाणी उतरल्यावर चिखलात राहिलेली ती वर्तुळं मुलांना आवर्जून दाखवा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) २०२२ मध्ये काही फ्लेमिंगोंच्या अंगावर उपग्रह-ट्रान्समीटर बसवले, त्यातल्या एकाचं नाव त्यांनी ‘नवी मुंबई’ असं ठेवलं. हे पक्षी गुजरातेकडे जातात-येतात हे त्यातून नेमकं कळलं.

आता दुर्बीण. इथे दुकानदार हमखास ‘जास्त पॉवर’ची दुर्बीण पुढे करतो. दुपारनंतर बघणाऱ्याला पॉवरपेक्षा उजेड महत्त्वाचा. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. आठ म्हणजे आठपट मोठं, बेचाळीस म्हणजे पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागा: सव्वापाच. तेवढ्या रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. ८×२१ ही खिशातली दुर्बीण घेतली तर हाच आकडा अडीचच्या जरा वर येतो. भर दुपारी फरक कळत नाही, पण साडेपाच वाजले की तिच्यातून पक्षी मळकट दिसू लागतात, म्हणजे नेमके थवे उडायच्या वेळी. शिवाय दहापट किंवा त्याहून जास्त पॉवर असली की हाताचा कंपही तितकाच वाढतो. पाच ते दहा हजारांत चांगल्या कंपनीची ८×४० किंवा ८×४२ दुर्बीण मिळते आणि नीट वापरली तर पंधरा-वीस वर्षं टिकते. चष्मा असेल तर चष्म्यासकट लावून बघा. दिसणारं वर्तुळ पूर्ण दिसायला हवं, कडा काळ्या पडता कामा नयेत. दुकानातल्या दिव्याखाली सगळ्याच चांगल्या वाटतात, म्हणून दारात येऊन रस्त्यापलीकडची पाटी वाचून बघा. अक्षरांना जांभळी-हिरवी किनार दिसली तर ती दुर्बीण परत करा. रस्त्यावर मिळणाऱ्या भरमसाट झूमच्या दुर्बिणीवर हजार-दीड हजारही घालवू नका.

पक्षी ओळखायला सुरुवातीला पुस्तक विकत घ्यावं लागत नाही. ‘मर्लिन’ हे ॲप फुकट आहे आणि त्यात भारतातले पक्षी आहेत. शेकाट्या, चित्रबलाक, तुतारी, कुरव, सुरय असे फ्लेमिंगोंच्या आजूबाजूचे पक्षी त्यातून सहज लागतात. कॅमेऱ्याचा खर्च पहिल्या वर्षी टाळाच. लांब झूमचा साधा कॅमेरासुद्धा पन्नास हजारांच्या वर जातो, मोठी लेन्स भाड्याने आणायची तर दिवसाला हजाराहून अधिक भाडं आणि वर अनामत.

फोटोसाठी थवा उडावा म्हणून दगड मारणारे, टाळ्या वाजवणारे, ड्रोन सोडणारे मी पाहिले आहेत, आणि मला त्याचा संताप येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत मारणं आणि पकडणं एवढंच येत नाही. फास लावणं, आमिष दाखवणं, हाकणं आणि तसा प्रयत्न करणं, हेही तिच्यात येतं. शिकारीचा विषय निघालाच आहे तर हेही: अमेरिकेत परवाना काढून रानटर्की मारतात. वसंतात माद्या दिवस वर आल्यावर घरट्यांकडे जातात, एकटा पडलेला नर हाकेला ओ देत येतो, म्हणून काही शिकारी मुद्दाम दुपार धरतात. तिकडच्या नातेवाइकांकडून हे ऐकून इथेही कुठे सोय होते का, असं विचारणारे भेटतात. होत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अभयारण्यात शिकार केली तर किमान तीन वर्षं कैद, ती सातपर्यंत जाऊ शकते, आणि दंड २५ हजारांपासून पुढे.

टर्कीच्याच कुळातला आपला राखी रानकोंबडा मात्र दुर्बिणीतून जरूर बघा. त्यासाठी कर्नाळा. पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी मुंबई-गोवा महामार्गावर अभयारण्याच्या दाराशी सोडते. कोणती गाडी थांबते ते कंडक्टरला आधी विचारा. तिकीट तीसएक रुपये, महिलांना निम्मं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. आत माणशी प्रवेशशुल्क आहे आणि प्लास्टिकच्या बाटल्या नेल्या तर अनामत ठेवावी लागते, म्हणून स्टीलची बाटली न्या. दुपारी किल्ल्याची वाट धरू नका. पायथ्याच्या सपाट पाऊलवाटेवर पाचोळ्याचा आवाज ऐकत सावकाश चाला. ऊन उतरल्यावर रानकोंबडा चरायला झाडीच्या कडेला येतो, आणि बहुधा दिसण्याआधी त्याची बांग ऐकू येते. संध्याकाळी गेट बंद होतं आणि प्रवेश त्याच्या बराच आधी थांबतो. म्हणून दोनपर्यंत आत असा, आणि परतीच्या एसटीची वेळ उतरतानाच विचारून ठेवा, कारण अंधारात महामार्गाच्या कडेला हात करून गाड्या थांबत नाहीत.