चेहऱ्याच्या दुखापती, श्वसनमार्ग आणि तातडीच्या उपचारांचे अर्थशास्त्र

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश १८ ते ४५ या वयोगटातील होत्या. मृतांमध्ये हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार व सहप्रवासी ५०,०२९ होते. म्हणूनच अपघातोत्तर उपचार हा मानवी भांडवलाच्या जतनाचाही प्रश्न ठरतो.

चेहऱ्याची दुखापत हे याचे बोलके उदाहरण होय. खालचा जबडा दोन्ही बाजूंनी मोडल्यास जिभेचा आधार सुटून ती मागे सरकते. रक्त, तुटलेले दात आणि वाढती सूज यांमुळे श्वसनमार्ग बंद होतो. प्राणवायूविना मेंदूला काही मिनिटांतच कायमची हानी पोहोचते. त्यामुळे जखम कितीही भयावह दिसली, तरी प्रथम श्वसनमार्ग मोकळा करणे आवश्यक असते. मानेच्या मणक्यास इजा असल्याचे गृहीत धरून मान स्थिर ठेवली जाते, जबडा पुढे उचलला जातो व तोंडातील रक्त शोषून घेतले जाते. गरज भासल्यास तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालतात. कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाची शंका असल्यास नाकावाटे नळी घालणे धोक्याचे ठरू शकते. नळी घालणे अशक्य झाल्यास गळ्याच्या पुढील भागात छेद देऊन मार्ग करावा लागतो.

हा प्राधान्यक्रम शिकवणारा अभ्यासक्रम अमेरिकेत १९७८ मध्ये सुरू झाला. नवी दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या जयप्रकाश नारायण ट्रॉमा केंद्रात त्याचे प्रशिक्षण दिले जाते. तथापि, जखमी व्यक्ती वेळेत पोहोचली नाही, तर हे कौशल्य निरुपयोगी ठरते.

विलंबामागे पोलीस चौकशीचे भय आणि खर्चाची चिंता ही दोन प्रमुख कारणे आहेत. परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने जखमीवर तत्काळ उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य ठरविले. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम १३४-अ ने मदत करणाऱ्यास कायदेशीर संरक्षण दिले. मे २०२५ मध्ये अधिसूचित योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत, कमाल दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार मिळू शकतात.

अर्थशास्त्रीय परिभाषेत, मदतीचा लाभ समाजाला होतो, पण तिची किंमत मदतकर्त्याला मोजावी लागते. अशा वेळी मदत अपुरी पडते. ही किंमत कमी करणे हे शासनाचे काम आहे. मात्र कायद्याची माहिती नागरिकांपर्यंत आणि प्रशिक्षण रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचल्याशिवाय ती पहिली मोलाची मिनिटे वाचणार नाहीत.