गर्भाशयाच्या हालचालींचे मोजमाप

प्रसूतिवेदना सुरू होईपर्यंत गर्भाशय निश्चल असते, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. गर्भारपणातही गर्भाशय अधूनमधून आकुंचन पावते, हे जॉन ब्रॅक्सटन हिक्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७२ साली नोंदविले. पोटावर ठेवलेल्या हातास हा घट्टपणा जाणवतो. परंतु गर्भाशयाचा नेमका कोणता भाग आकसला, हे त्यावरून कळत नाही. एम.आर.आय. तपासणीने ते पाहता येते.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरी यांच्या साहाय्याने प्रतिमा मिळतात. गर्भाची हालचाल व मातेचा श्वासोच्छ्वास यांमुळे त्या पुसट होऊ नयेत म्हणून अतिशय वेगाने घ्याव्या लागतात. अशी जलद पद्धत नॉटिंगहॅम विद्यापीठातील पीटर मॅन्सफील्ड यांनी १९७७ साली मांडली. २००३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होत.

मोजमापासाठी काही मिनिटे पुनःपुन्हा प्रतिमा घेतात. प्रत्येक छेदातील वारेची कड आखून क्षेत्रफळास छेदाच्या जाडीने गुणतात. या गुणाकारांची बेरीज म्हणजे वारेचे आकारमान. समजा, ते ६०० घन सेंटिमीटरवरून ५१० वर आले, तर घट १५ टक्के झाली. त्याच वेळी वार चिकटलेल्या भित्तीची व उरलेल्या भित्तीची लांबी मोजतात. दोन्ही आखडल्या, तर संपूर्ण गर्भाशयाचे आकुंचन होय. वारेखालील भित्तीच आखडून उरलेली किंचित ताणली गेली, तर ते केवळ त्या भागाचे आकुंचन होय. या दुसऱ्या प्रकारात वारेतील मातेचे रक्त पंपाप्रमाणे बाहेर ढकलले जाते, असे नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले.

याचे महत्त्व मोठे आहे. प्राणवायू कमी असलेले रक्त विशिष्ट प्रतिमांत काळसर दिसते. आकुंचनाच्या वेळीच प्रतिमा घेतली गेली, तर निरोगी वारही दुर्बळ भासू शकते आणि निदान चुकण्याचा धोका संभवतो. म्हणून एकाच प्रतिमेवर विसंबणे योग्य नव्हे.

हे मोजमाप अद्याप मुख्यतः संशोधनापुरतेच आहे. गर्भवतीची पहिली तपासणी सोनोग्राफीनेच होते, एम.आर.आय. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावयाची असते. मात्र दिवस भरण्यापूर्वी पोट ठरावीक अंतराने वारंवार आवळू लागले किंवा अंगावर रक्त गेले, तर कोणत्याही यंत्राची वाट न पाहता गर्भवतीस तत्काळ रुग्णालयात न्यावे, ही गोष्ट गावातील प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे अगत्याचे आहे.