ताप गेला, सांधे मात्र धरलेलेच

प्रश्न : वय ५२. तीन महिन्यांपूर्वी चिकुनगुन्या झाला. ताप उतरला, पण सकाळी बोटं इतकी आखडतात, की कुकरचं झाकण लागत नाही. विषाणू अजून अंगात आहे का?

उत्तर : विषाणू साधारण आठवडाभरात रक्तातून जातो. मागे उरतो तो प्रतिकारशक्तीने सांध्यांत पेटवलेला दाह. पंचेचाळिशीनंतर आणि आधीच सांधेदुखी असेल तर तो महिनोन्‌महिने रेंगाळतो. चिकुनगुन्याची आयजीएम चाचणी महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा ती पुन्हा करून पैसे घालवू नका.

मेडिकलवाल्याकडून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी दोन दिवसांत बरं वाटतं, तीच ग्यानबाची मेख! गोळी थांबली की दुखणं परततं, वर साखर वाढते. वेदनाशामकंही मनाने घेत राहू नका. पोट आणि मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटांची हलकी उघडझाप करा. सांधे निव्वळ आराम देऊन सुटत नाहीत.

तुम्हाला तीन महिने झालेत. बोटांना सूजही असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवा. आमवाताची सुरुवातही अशीच दिसते. आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या चाचण्यांची मदत होते. भेट पुढे ढकलू नका.